निघाले किती, भरले किती?

दुहेरी नोंद पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे नाव पहिल्याच वर्षी भेटते आणि परीक्षा संपली की बहुधा विस्मरणात जाते. मात्र त्या पद्धतीचा गाभा बँकेत काम करणाऱ्याच्या अंगात भिनतो. आले किती, गेले किती आणि दोन्ही बाजू जुळतात का, एवढाच तो गाभा आहे. हा प्रश्न केवळ खातेवहीपुरता नसून मोटारीच्या गिअरबॉक्सलाही तितकाच लागू पडतो, याचा प्रत्यय मला निवृत्तीनंतर, माण येथे पुतण्याच्या घरी मुक्कामास असताना आला. तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडेल, या हेतूने येथे मांडत आहे.

माण हे मुळशी तालुक्यातील गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच गावाच्या शिवारात वसला. माण ते शिवाजीनगर या सुमारे तेवीस किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेचे एक टोकही येथेच आहे. एका बाजूस काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूस भातखाचरे, असे हे गाव. येथील तरुणांचा दिवस संगणकापुढे जातो. पण ज्या पट्ट्यात ते राहतात, तो मुळात यंत्रांचा पट्टा आहे. साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडला टेल्कोचा आणि आकुर्डीस बजाज ऑटोचा कारखाना आला, भोसरीत लहान-लहान वर्कशॉप उभी राहिली, आणि पुढे चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आले. फोक्सवॅगनचा तेथील कारखाना २००९ साली सुरू झाला. त्यामुळे या भागातील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात एखादा निवृत्त फिटर, टर्नर वा फोरमन हमखास सापडतो. ही या परिसराची खरी संपत्ती होय. तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते.

माझ्या थोरल्या बंधूंनी नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एक लहान मोटार घेतली होती. ते गेल्यावर ती पुतण्याकडे आली. बंधूंचा एक नेम होता. गाडीच्या पुढच्या खणात एक लहान वही असे. पेट्रोल, टायर, बॅटरी, तेल, जे जे काही केले ते तारीख आणि किलोमीटरसह त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलेले असे. गाडीने ऐंशी हजार किलोमीटर ओलांडले, तेव्हा पुतण्याच्या मनात आले की गिअरबॉक्सचे तेल या वेळी आपण स्वतःच्या हाताने बदलावे. त्यात पैसे वाचवण्याचा हेतू फारसा नव्हता. वडील रविवारी बाह्या सरसावून गाडीखाली शिरत, ते त्याने लहानपणी पाहिले होते.

गिअरबॉक्सला तेल का लागते, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ जणांना इंजिनाचे तेल ठाऊक असते, गिअरबॉक्सचे नसते. हाताने गिअर बदलायच्या गाडीत दोन तेले पूर्णपणे वेगळी असतात. इंजिनात ज्वलन होते, त्याची काजळी तेलात उतरते आणि ते काळे पडते. गिअरबॉक्समध्ये ज्वलन नसल्यामुळे तेथील तेल वर्षानुवर्षे वापरूनही साधारणतः तपकिरी राहते. दातेरी चक्रांचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात. तो दाब सोसण्यासाठी या तेलात गंधकयुक्त रसायने मिसळलेली असतात, म्हणून त्याला एक विशिष्ट उग्र वास येतो. रंग आणि वास या दोन खुणा लक्षात ठेवल्या, तरी कोणते तेल कोठून निघाले हे अंधारातही ओळखता येते.

माझ्या पिढीतील वाचकांना बोर घाट चढणारे जुने ट्रकचालक आठवत असतील. गिअर बदलताना ते क्लच दोनदा दाबत आणि मध्ये किंचित अॅक्सिलरेटर देत. फिरणाऱ्या दोन चक्रांचा वेग जुळल्याशिवाय ती एकमेकांत बसत नाहीत, आणि तो वेग चालकाला कानाने जुळवावा लागे. कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली आपल्या मोटारींत सिंक्रोमेश रचना आणली आणि ते काम पितळी कड्यांकडे गेले. कडे घासून आधी वेग सारखा करते, मग गिअर पडतो. या पितळेमुळेच तेलाची निवड जपून करावी लागते. तेलाच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. आकडा मोठा म्हणून तेल अधिक चांगले, असा समज आढळतो. वस्तुतः जीएल-५ मध्ये दाब सोसणारी रसायने बरीच अधिक असतात. त्यांतील काही प्रकार पितळेला बाधतात, शिवाय कड्याला हवे तेवढे घर्षणही मिळत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच घ्यावे. पुतण्याने पुस्तिका वाचून अचूक तेल आणले होते. दोन लिटर.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती. टॅक्सी सहज मिळाली असती, परंतु वहिनींना बंधूंच्याच गाडीतून जायचे होते. त्यामुळे संध्याकाळपर्यंत गाडी तयार असणे आवश्यक होते. दुपारी चारच्या सुमारास मी खाली चक्कर मारण्यास गेलो, तेव्हा पुतण्या गाडीजवळ काहीसा गोंधळून उभा होता. गाडीचा पुढचा भाग दोन स्टँडवर उचललेला. बाजूस एका डब्यात काळेभोर तेल.

"काका, तेल आत जातच नाही," तो म्हणाला. "थोडं ओतलं की त्याच भोकातून बाहेर येतंय. बहुतेक हवा अडकली आहे. दोन मिनिटं इंजिन चालू करून गिअर फिरवतो, म्हणजे बसेल खाली."

मोटारीच्या यंत्रणेचे मला ज्ञान नाही. पण आयुष्यभर रोखपालाच्या खिडकीमागचे हिशेब पाहिलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप जे निघावे, ते निघाले. "अरे, निघाले किती आणि भरले किती?"

त्याने डब्यावरील खुणा पाहिल्या. निघाले होते तीन लिटरांहून थोडे अधिक. भरले होते जेमतेम शंभर मिलिलिटर, आणि पाव लिटरभर नवे तेल बाहेर सांडले होते. तीन निघावेत आणि शंभर मिलिलिटरने भांडे भरावे, हे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. "तू चावी लावू नकोस. आधी ती वही काढ," मी म्हणालो. वहीत बंधूंच्या अक्षरात होते : इंजिन ऑइल सव्वातीन लिटर, गिअर ऑइल दोन लिटर. पुतण्याने ते वाचले, बॉनेट उघडले आणि इंजिनाची तेलपट्टी बाहेर काढली. पट्टी कोरडी होती.

घडले होते ते असे. पुढची चाके ओढणाऱ्या लहान गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी जोडलेले असतात, आणि खालून पाहिले तर दोघांचे निचऱ्याचे बोल्ट हाताच्या अंतरावर दिसतात. त्याने गिअरबॉक्सचा समजून इंजिनाचा बोल्ट उघडला होता. इंजिन रिकामे झाले आणि गिअरबॉक्स जुन्या तेलाने भरलेलाच राहिला. भरलेल्या भांड्यात आणखी तेल मावणार कसे? त्या अवस्थेत इंजिन सुरू झाले असते, तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधील तेलाचा पातळ थर नाहीसा होऊन धातू धातूवर घासला असता, आणि काही मिनिटांत ते इंजिन कायमचे बाद झाले असते. म्हणजे, किल्ली फिरेपर्यंत या चुकीची किंमत तीन-चार लिटर तेलाएवढी होती. किल्ली फिरताच ती एका इंजिनाएवढी झाली असती. चूक तीच. फरक फक्त पुढच्या दोन मिनिटांचा.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्याच्या मनात काय चालले असेल हे उघड होते. वडिलांची गाडी, आईची शस्त्रक्रिया आणि आपला उत्साह. त्या वेळी त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की जाणता अधिकारी प्रथम आवाज खाली आणतो, कारण घाबरलेला माणूस पहिली चूक झाकण्यासाठी दुसरी करतो. मी त्याला म्हटले, "अजून दिवस बंद झालेला नाही. आजची नोंद आज दुरुस्त होते."

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त फोरमन राहतात. या पट्ट्यातील एका कारखान्यात त्यांची तीस वर्षे गेली. पुतण्या त्यांना बोलावून आला. त्यांनी खाली येताच गाडीची किल्ली मागितली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली. "चावी बँकेत जमा. काम पुरं होईपर्यंत द्यायची नाही," ते हसून म्हणाले. त्यानंतर त्यांनी पुतण्याकडून सारे क्रमाने वदवून घेतले : कोणता बोल्ट उघडला, कोणता पुन्हा बसवला, काय ओतले, किती सांडले. एकदाही "असे कसे केलेस" म्हणाले नाहीत.

मग त्यांनी खरेदीची यादी करून दिली. इंजिनासाठी योग्य प्रतीचे तेल, नवा ऑइल फिल्टर, दोन्ही बोल्टांसाठी नवे वॉशर, आणि गिअर तेल आणखी एक लिटर. दोन लिटरांतले काही सांडले होते, तेव्हा उरलेले पुरणार नाही, हा हिशेब त्यांनी उभ्या-उभ्या केला. पुतण्या दुचाकीवरून हिंजवडीकडे गेला आणि पाऊण तासात सामान घेऊन परतला. काढलेले इंजिन तेल परत ओतावे का, असे त्याने विचारले. फोरमनसाहेब म्हणाले, "उघड्या डब्यातलं तेल पुन्हा आत जात नाही. धूळ वाळूसारखी काम करते."

पुढचे काम त्यांनी स्वतः केले नाही, पुतण्याकडूनच करवून घेतले. प्रथम इंजिनाचा बोल्ट नव्या वॉशरसह बसवला. गिअरबॉक्सचे कवच अॅल्युमिनियमचे असते, इंजिनाखालचे पात्रही काही गाड्यांत त्याच धातूचे असते. अशा ठिकाणी पोलादी बोल्ट जोर लावून आवळला, तर आतील आटे कायमचे जातात. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच तो टॉर्क पान्याने आवळला. फिल्टर बदलला, तेल ओतले, पट्टीवर पातळी पाहिली. इंजिनाचे खाते जुळले.

नंतर गिअरबॉक्स. येथे फोरमनसाहेबांनी एक नियम सांगितला, तो प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. तेल काढायचा बोल्ट उघडण्यापूर्वी भरायचा बोल्ट उघडून पाहावा. वरचा बोल्ट कधीकधी गंजून असा बसलेला असतो की डोके झिजते, पण तो फिरत नाही. खालचा आधी उघडलेला असेल, तर तेल जमिनीवर आणि भरायला वाट नाही, अशी गाडी जागची हलवता येत नाही. शिवाय दोन्ही बोल्ट आधी ओळखून घेण्याची सक्ती होते आणि घडली तशी अदलाबदल टळते. एरवी हे वाक्य उपदेशासारखे वाटले असते. त्या दिवशी त्याचा अर्थ समोर डब्यात दिसत होता.

दुसरी अडचण पातळीची. या गाडीच्या गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टी नाही. भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल आले की पातळी पुरी झाली, असे मानायचे असते. पण गाडीचे तोंड वर असेल तर ही खूण खोटी ठरते. तेव्हा फोरमनसाहेबांनी घरून आणखी दोन स्टँड आणले आणि चारही बाजूंनी गाडी समतल उचलली. समतल झाली की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी पाण्याची अर्धी भरलेली पारदर्शक बाटली दाराच्या उंबरठ्यावर आडवी ठेवली आणि पाण्याची रेघ बघितली. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचे नाही, हेही त्यांनी दोनदा बजावले.

मग खरा बोल्ट उघडला. तपकिरी, दाट, गंधकाच्या वासाचे तेल खाली आले. दोन डबे शेजारी ठेवले, तेव्हा एक काळा आणि एक मधाच्या रंगाचा. पुतण्या त्या दोन डब्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. बोल्टच्या टोकाला चुंबक होता. त्यावर करडा, मऊ लेप जमला होता. असा बारीक लेप ही दातांची नैसर्गिक झीज होय. बोटाला टोचतील असे कण वा तुकडे मिळाले, तर मात्र गाडी गॅरेजमध्ये दाखवावी. लेप पुसला, बोल्ट बसवला आणि नळीने नवे तेल भरण्यास सुरुवात केली. भोकाच्या कडेवरून बारीक धार आली, ती थांबेपर्यंत वाट पाहिली, वरचा बोल्ट लावला. निघाले दोन लिटर, भरले दोन लिटर. तेव्हा कोठे मी खिशातील किल्ली दिली. इंजिन सुरू झाले, तेलाच्या दाबाचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी तो कोरडा होता आणि वहिनी सातला त्याच गाडीतून निघाल्या.

रात्री जेवणे झाल्यावर वहीचा प्रश्न आला. पुतण्या पेन घेऊन थबकला. "गिअर ऑइल बदलले, एवढंच लिहू का? बाबांच्या वहीत हे कशाला?" मी त्याला हस्तलिखित खातेवह्यांच्या काळातला दंडक सांगितला. चुकीचा आकडा खरवडायचा नाही, त्यावर दुसरा आकडा गिरवायचा नाही. एक रेघ अशी ओढायची की खालचा आकडा वाचता यावा, बाजूला बरोबर आकडा लिहून सही करायची. संगणक आल्यावरही तत्त्व बदलले नाही. चुकीची नोंद पुसली जात नाही, तिच्या विरुद्ध उलट नोंद टाकली जाते आणि दोन्ही कायम दिसत राहतात. कारण पुढे त्या पानावर येणाऱ्याला काय घडले हे कळण्याचा हक्क आहे. सहा महिन्यांनी एखाद्या मेकॅनिकने विचारले की इंजिन तेल वेळेआधी का बदलले, तर त्याचे उत्तर वहीत असले पाहिजे. पुतण्याने क्षणभर विचार केला आणि लिहिले : "गिअर ऑइल बदलताना चुकून इंजिनाचा बोल्ट उघडला. इंजिन सुरू केले नाही. दोन्ही तेले व फिल्टर नवे." खाली किलोमीटर आणि तारीख. वहिनींनी ते पान वाचले आणि म्हणाल्या, "यांच्या वहीतही एक पान असंच आहे, टायरच्या नटांचं. शोध म्हणजे सापडेल." पुतण्याला ते सापडले. वाचून तो हसला. त्या संध्याकाळी तो प्रथमच हसला होता.

जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी कारखान्यांसाठी 'पोका-योके' ही कल्पना रूढ केली. चूक होऊच शकणार नाही अशी कामाची रचना करणे, हा तिचा अर्थ. चाकणच्या कारखान्यांत हा शब्द कामगारांच्या रोजच्या बोलण्यात आहे, असे फोरमनसाहेब सांगत होते. बँकेत त्यालाच आम्ही एकाने नोंद करणे आणि दुसऱ्याने तपासणे म्हणत असू. घरच्या अंगणात अशी व्यवस्था आपसूक नसते, ती आपण करावी लागते. आता पुतण्याने दोन्ही बोल्टांजवळ दोन रंगांच्या खुणा केल्या आहेत, आणि काम सुरू करताना किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देण्याचा पायंडा पाडला आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. काढलेले पाच लिटरांहून अधिक तेल कोठे जाते? वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा ठरते. २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. गटारात वा मोकळ्या जमिनीवर ओतलेले तेल पावसाबरोबर ओढ्यात उतरते, ओढा नदीला मिळतो, आणि वाटेतील मातीत व पाण्यात असलेल्या असंख्य लहान जिवांचा श्वास त्याने कोंडतो. पुतण्याने ते दोन्ही डबे झाकण लावून, जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवले.

ज्या वाचकांच्या घरी मुले-नातवंडे असे काही स्वतः करू पाहत असतील, त्यांना माझे सांगणे आहे की त्यांना अडवू नका. हाताने काम करण्याची हौस आज दुर्मीळ होत चालली आहे. मात्र जवळ बसा, यंत्रातले काही कळत नसले तरी बसा. निघालेले मोजायला लावा, भरलेले मोजायला लावा, आणि दोन्ही जुळेपर्यंत किल्ली आपल्या खिशात ठेवा.